काकीच्या इंजिनाचे पैसे

शेजारच्या काकीला बँकेपेक्षा एटीएम आवडायचं. त्याचं कारण तिनं मला एकदा बाजारातून परत येताना सांगितलं होतं. सकाळी किनाऱ्यावरचा लिलाव, मग बाजारात बसणं, मग उरलेली पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरणं, यात बँकेत पोचायला तिला दुपार व्हायची. रांगेत उभी राहिली की पुढची बाई रुमाल काढून नाकाला लावायची आणि मागचा माणूस दोन पावलं मागे सरायचा.

"मशीन नाकाक रुमाल लावणा नाय," काकी म्हणाली. "पैशे देता नि गप ऱ्हवता."

ही साधारण २००८ सालची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. आमचं घर वाडीच्या रस्त्याकडच्या टोकाला, काकीचं समुद्राच्या बाजूला, मध्ये फक्त माडांची एक रांग. ती नात्याची नव्हती, पण मला आठवतं तेव्हापासून काकीच. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, एसटीनं जाऊन-येऊन केलेली. मालवणी मला सगळी समजायची, पण बोलायला तोंड उघडलं की वाडीतल्या बायका हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. कमी बोलणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात. काकी तर गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची, "आमच्या शेजारच्या चेडवाक इंग्लिश येता, तुमच्या सायबाक येणा नाय तसला."

बँकेकडून कार्ड आलं तेव्हा ती पाकीट न फोडता आमच्याकडे घेऊन आली. आतला नंबर मशीनवर जाऊन बदलायचा होता आणि नवा नंबर तिच्या लक्षात राहील असा हवा होता. काकीचा तोंडी हिशेब इतका पक्का की चार गिऱ्हाइकांचे चार भाव ती एका दमात सांगायची. पण लिहिलेला आकडा समोर आला की गोंधळायची. मीच सुचवलं, होडीचा नंबर लाव. काका दर पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होडी रंगवायचा, आणि पुढच्या बाजूला तिचा सरकारी नोंदणीचा नंबर हातभर उंचीच्या आकड्यांत स्वतः काढायचा. त्यातले चार आकडे काकीला चित्रासारखे पाठ होते. तिनं बटणांवर ते एकेक शोधून दाबले, आत खडखड झाली आणि नोटा बाहेर आल्या.

"गो बाय! मशिनान आमची होडी वळाखल्यान!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरचा रखवालदार आत डोकावला.

महिन्याभरात वाडीतल्या सहा-सात बायकांनी माझ्याकडून आपापल्या होडीचा नंबर लावून घेतला. कुणी मला बांगडे आणून दिले, कुणी कोकमाची सोलं. मला त्या युक्तीचा अभिमान वाटायचा.

त्याच वर्षी काकाच्या होडीचं इंजिन बसलं. दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा मेकॅनिकनं हात जोडले. बाजारातल्या एका दुकानदाराकडे जुनं पण चांगलं इंजिन होतं, चाळीस हजारांना. नारळी पौर्णिमेपर्यंत तो ते राखून ठेवायला तयार झाला. काकीच्या खात्यात तेवढे पैसे होते, थोडे थोडे करून साठवलेले, आणि ते कशासाठी आहेत हे आख्ख्या वाडीला माहीत होतं. इंजिन आलं तर काका सीझनला स्वतःची होडी घालणार. नाही आलं तर देवगडला कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार. काका पन्नाशी ओलांडलेला होता आणि आजवर त्यानं दुसऱ्याच्या होडीवर हुकूम ऐकला नव्हता.

"देवगडाक गेलो तर घरात पावण्यासारखो येतलो," काकी म्हणायची. "दोन दिस ऱ्हवतलो नि जेवन बरां झाला म्हणान सांगान जातलो."

मे महिन्यात तिच्या भाच्याचं लग्न होतं. आहेरासाठी हजार रुपये काढायचे म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. बाजारात पर्यटकांची गर्दी होती. एटीएमच्या खोलीत एका वेळी एकानं जायचं असतं हे तेव्हा पाटीवर लिहिलेलं असायचं, पाळायचं कुणी नाही. आमच्या मागे चार माणसं काचेचं दार उघडं धरून उभी होती.

मी काकीचं कार्ड आत सरकवलं तेव्हा ती खाच वेगळी दिसली. आधी ती सपाट होती. आता तिच्यावर हिरवट प्लास्टिकचं फुगीर तोंड होतं, आणि कार्ड सरकवताना ते किंचित हललं, पडायला आलेला दात हलतो तसं. बटणांच्या वर त्याच रंगाची एक पट्टी होती, तीही मागच्या वेळी नव्हती. तिचं एक टोक भिंतीला नीट टेकत नव्हतं. मी हे सगळं पाहिलं. माझी नजर अशा गोष्टींवर जातेच.

"ताई, जरा लवकर," मागून कुणीतरी म्हणालं.

काकी बोट हवेत धरून एकेक आकडा शोधत होती. बँकेनं नवा भाग बसवला असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाहेर स्टुलावर रखवालदार बसला होता. त्याला सांगायचं तर चार अनोळखी माणसांसमोर तोंड उघडायला हवं होतं, आणि काही नाहीच निघालं तर ती माणसं हसली असती. दुकानात सुटे कमी मिळाले तरी परत न मागता घरी येणारी मी. नोटा घेतल्या, काकीचा हात धरला आणि बाहेर पडले.

जुलैच्या शेवटी दुकानदाराचा निरोप आला की पैसे आणा, इंजिन घेऊन जा. काकी मला घेऊन बँकेत गेली. आधी पासबुक भरून घेतलं. छापून आलेलं पान मी पाहिलं आणि मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं छापलं गेलं. मे महिन्यात, लग्नाच्या आठवड्यात, लागोपाठच्या दोन दिवसांत सारख्याच रकमेच्या चार नोंदी. त्यांच्यापुढे दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराचं नाव होतं, जिथे आमच्या वाडीतलं कुणी कधी गेलेलं नव्हतं. खाली शिल्लक सहाशे काही रुपये.

"काय गो, किती आसत?" काकीनं विचारलं.

मी पान पुन्हा वाचल्यासारखं केलं.

"चेडवा, बोल मगे. व्याज धरून सांग."

मी सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मी चुकले असं तिला वाटलं. मग तिनं पासबुक माझ्या हातातून घेतलं आणि वाचता येत नसताना बराच वेळ पाहत राहिली.

बँकेतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली, कार्ड लगेच बंद केलं. "कार्ड हरवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाय. ह्यां बगा," काकीनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"पिन नंबर आणखी कुणाला माहीत आहे?"

काकीला वाटलं, कार्ड तिचंच आहे याची खात्री करून घेतायत. ती सरसावून बसली. "सगळ्यांका ठावक आसा. होडयेर लिवलेलो आसा."

"होडीवर? पिन?"

"हातभर मोठो! किनाऱ्यार येवन बगा, लांबसून दिसतलो."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. आणि मला त्या क्षणी बोलायचं होतं. नुसत्या नंबरानं पैसे निघत नाहीत, कार्डही लागतं. त्या दोन दिवसांत कार्ड काकीच्या कमरेला होतं आणि काकी भाच्याच्या लग्नात भात वाढत होती. ही वाक्यं माझ्या डोक्यात अगदी नीट, इंग्रजीत, तयार होती. तोंडापर्यंत आली नाहीत.

"अर्ज लिहून द्या," साहेब म्हणाले. "तुम्ही लिहाल ना? शिकलेल्या दिसता."

अर्ज मी लिहिला, सुंदर अक्षरात, इंग्रजीत. खरं ते सगळं लिहावं, म्हणजे बँकेला आपला विश्वास वाटेल, असं मला वाटलं. म्हणून त्यात एक वाक्य हेही घातलं की पिन नंबर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना माहीत होता. काकीनं खाली अंगठा उठवला.

पोलिसांकडे गेलो तर हवालदार म्हणाले, पैसे तिकडे निघालेत, गुन्हा तिकडचा, आधी बँकेचं पत्र आणा. बँकेत गेलो तर पोलिसांचा कागद आणा म्हणाले. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला हवालदारांनी जरा मस्करी केली. "काकी, खरां सांग, घोवाक न सांगता साडी घेवक गेल्लंस मां थंय?"

सगळे हसले. काकीही हसली. "गेल्लंय मां! तुमच्या बायलेक पण एक हाडलंय, घराकडे दिवक इसारलंय," ती म्हणाली, बाजारात गिऱ्हाइकाला म्हणावं तशी. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मात्र ती चपला शोधत उभी राहिली. चपला पायातच होत्या.

हायस्कूलचे एक गुरुजी आम्हाला बँकेतच भेटले. त्यांचेही पैसे तसेच गेले होते, आणि तारकर्लीच्या एका लॉजवाल्याचेही. तिघांनी मे महिन्याच्या त्याच आठवड्यात तेच मशीन वापरलं होतं. गुरुजींनी कुणाकडून तरी माहिती काढली होती. चोर मशीनच्या खाचेवर तिच्यासारखंच दिसणारं दुसरं तोंड बसवतात, म्हणाले. कार्ड त्यातून जाताना त्याच्या काळ्या पट्टीवरची माहिती उतरवली जाते. बटणांच्या वर एका पट्टीत बारीक कॅमेरा लपवलेला असतो, तो बोटं टिपतो. मग हवी तिथे, हवी तितकी कार्डं तयार करतात. "आपलं कार्ड आपल्याच खिशात राहतं," गुरुजी म्हणाले, "म्हणून तर आपल्याला पत्ता लागत नाही."

काकीनं माझ्याकडे पाहिलं, समजावून सांग म्हणून. मी मान खाली घातली. गुरुजी ज्या दोन वस्तूंचं वर्णन करत होते, त्या मी हातभर अंतरावरून पाहिल्या होत्या. एक तर माझ्या बोटाखाली हलली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी ते कुणालाही सांगितलं नाही. आईलाही नाही. शेवटी दुसरा अर्ज लिहायला घेतला, कारण त्याशिवाय काकीच्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. खाच कशी दिसत होती, पट्टी कुठे होती, सगळं लिहिलं, आणि त्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहावं अशी विनंती केली. पण अंगठा घेण्याआधी अर्ज काकीला वाचून दाखवायला हवा होता. तिच्या पडवीत बसून मी तो एकेक वाक्य सोपं करून सांगितला.

ती मासे साफ करत होती. विळीवरचा हात थांबला. "तू बघलंस?"

"हो."

"त्याच दिसा?"

"हो."

"मगे सांगलंस कित्याक नाय गो?"

"लाज वाटली."

एक मांजर आलं, काकीनं त्याला हाकललं नाही. मग म्हणाली, "मासळेचो वास माज्या आंगाक येता. लाजाक होया तर मी. तुका कसली लाज गो?" आवाज चढलेला नव्हता, ती खरंच विचारत होती. तिनं हात धुतले आणि अंगठा पुढे केला.

चित्रण ठरावीक मुदतीपुरतंच ठेवलं जातं आणि ती मुदत उलटून गेली आहे, असं साहेबांनी सांगितलं. थोडं आधी आला असतात तर, असंही म्हणाले.

नारळी पौर्णिमेला वाडीतले सगळे वाजतगाजत किनाऱ्यावर गेले. काकानंही समुद्राला नारळ दिला. त्याची होडी वर वाळूत झावळ्यांखालीच होती. दुकानदार भला माणूस, त्यानं आणखी आठ दिवस वाट पाहिली आणि मग इंजिन दुसऱ्याला दिलं. त्याच आठवड्यात काका एक पिशवी घेऊन देवगडच्या एसटीत बसला. काकी त्याला पोचवायला स्टँडवर गेली नाही. बाजाराची वेळ आहे म्हणाली.

बँकेचं पत्र दसऱ्यानंतर आलं. इंग्रजीत होतं. व्यवहार योग्य पिन वापरून झालेले आहेत, पिन इतरांना माहीत असल्याचं ग्राहकानं स्वतः लेखी मान्य केलं आहे, सबब व्यवहार ग्राहकानं किंवा ग्राहकाच्या संमतीनं झाले असं धरण्यात येत आहे. मधलं वाक्य माझंच होतं, जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत.

"काय लिवल्यानी?" काकी दारात उभी होती.

"ते म्हणतात, पैसे तूच काढलेस. नाहीतर तुझ्या सांगण्यावरून कुणीतरी."

"मी?"

"हो."

"मी खंय गेलंय काढूक?"

मी त्या शहराचं नाव सांगितलं. काकी देवीच्या दर्शनाला एकदा कोल्हापूरला गेली होती. त्यापलीकडे कुठे नाही.

"थंय समुद्र आसा काय?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जणू त्यामुळे ते निदान थोडं शक्य कोटीतलं वाटलं असावं. मग म्हणाली, "फटकी पडो मेल्यांच्या हातार," आणि पाटी उचलून निघून गेली.

गुरुजींचे पैसे पाच-सहा महिन्यांनी खात्यात परत आले. त्यांचा अर्ज मी पाहिला होता. मराठीत, जेमतेम दहा ओळींचा. कार्ड माझ्याजवळ आहे, हे व्यवहार मी केलेले नाहीत, त्या दिवशी मी शाळेत हजर होतो, सोबत हजेरीची नक्कल. बाकी काही नाही. काकीच्या प्रकरणात आम्ही वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिलं. दोन महिन्यांनी तिकडून एक पान आलं की शाखेचा निर्णय तपासला, योग्य आहे.

आता मला कुणी विचारलं तर मी सांगू शकते. कार्ड घालण्याआधी खाच हलवून पाहा, बटणं दाबताना दुसरा हात वर आडवा धरा, काही सैल दिसलं तर कितीही माणसं मागे असोत, तिथून बाहेर या आणि बँकेला कळवा. पासबुक महिन्याच्या महिन्याला भरून घ्या. पैसे गेलेले दिसले की त्याच दिवशी कार्ड बंद करा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, चित्रण राखून ठेवायला त्याच दिवशी सांगा, तुमच्यासारखे आणखी कुणी असतील तर त्यांच्याबरोबर जा. नंबर घरच्यांनाही देऊ नका. हे सगळं बरोबरच आहे. पण जिला मशीनवर जाताना शेजारची मुलगी लागते, तिनं नंबर कुणाला सांगू नये म्हणजे काय करावं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वाडीतल्या बाकीच्या बायकांचे नंबर मी एका दुपारी जाऊन बदलून दिले. नवे नंबर त्यांच्या लक्षात राहिले नाहीत, तेव्हा त्या पुन्हा बँकेच्या रांगेत उभ्या राहू लागल्या.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये काकानं होडी विकली. घेणारा तारकर्लीचा होता, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेण्यासाठी त्याला ती हवी होती. काका देवगडहून दोन दिवसांची रजा काढून आला होता. विक्रीचा कागद मी लिहिला. काकाची सही, काकीचा अंगठा, दोन साक्षीदार. पाच मिनिटांत झालं.

घेणाऱ्यानं आपलं इंजिन बरोबर आणलं होतं. होडी पाण्यात लोटल्यावर त्यानं ते मागे बसवलं. काका कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याला बोल्ट कुठला आधी आवळायचा ते दाखवत होता. दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. काकी माझ्या शेजारी वाळूत उभी होती, डोक्यावर हात ठेवून, उन्हात डोळे बारीक करून. होडी वळून तारकर्लीच्या दिशेला लागली तरी आवाज येत होता.

"इंजिन बरां आसा," ती म्हणाली.

काका पाण्यातून वर आला. जेवून दुपारच्या एसटीनं देवगडला गेला.